लवकर दूध तोडलेल्या वराहपिल्लांचा आहार : वाढ, शरीराची घडण आणि अर्थकारण



पशुसंवर्धनाचा विचार करताना गाय, म्हैस, शेळी आणि कोंबडी यांच्याकडे जितके लक्ष जाते, तितके वराहाकडे जात नाही. देशाच्या एकूण मांस उत्पादनात वराहमांसाचा वाटा चार टक्क्यांच्या आसपास असल्याने हे दुर्लक्ष काहीसे स्वाभाविकही वाटते. तथापि राष्ट्रीय सरासरी अनेकदा प्रादेशिक वास्तव झाकून टाकते. ईशान्य भारतातील राज्ये, झारखंड, छत्तीसगड आणि पश्चिम बंगालचा काही भाग येथील आदिवासी व अल्पभूधारक कुटुंबांच्या दृष्टीने परसातील एक-दोन डुकरे म्हणजे मुलांची फी, आजारपणाचा खर्च आणि लग्नकार्य यांची तरतूद होय. या तरतुदीचे यशापयश पुष्कळदा पिल्लाचे आईचे दूध तुटल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत ठरते. त्या आठवड्यांतील आहाराचा विज्ञान आणि अर्थशास्त्र या दोन्ही अंगांनी विचार करणे हा या व्याख्यानाचा विषय आहे.

देशातील चित्र

२००७ साली देशात सुमारे १ कोटी ११ लाख वराह होते. २०१२ मध्ये ही संख्या १ कोटी ३ लाखांवर आणि २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत ९० लाख ६० हजारांवर आली. म्हणजे शेवटच्या सात वर्षांतच सुमारे १२ टक्क्यांची घट झाली. याच काळात आसाममधील संख्या मात्र २८ टक्क्यांनी वाढून २१ लाखांवर पोहोचली व ते राज्य देशात प्रथम क्रमांकावर राहिले. त्याखालोखाल झारखंड आणि मेघालय यांचा क्रमांक लागतो. २०१९ मध्ये एकूण वराहांपैकी विदेशी व संकरित वराह केवळ १९ लाख होते. उरलेले सुमारे ७२ लाख देशी किंवा अवर्णित होते. पश्चिम बंगालचा घुंगरू, मेघालयाचा नियांग मेघा, नागालँडचा तेन्यी वो, मिझोरामचा झोवाक, आसामचा डूम आणि गोव्याचा आगोंदा गोवन या नोंदणीकृत देशी जाती त्या त्या प्रदेशातील चारापाणी व हवामान यांना सरावलेल्या आहेत.

संशोधनाच्या क्षेत्रात २००२ साली गुवाहाटीजवळील राणी येथे राष्ट्रीय वराह संशोधन केंद्र स्थापन झाले. हॅम्पशायर आणि घुंगरू यांच्या संकरातून तयार झालेली 'राणी' ही जात याच केंद्राची देणगी होय. रांचीच्या बिरसा कृषी विद्यापीठाने टॅमवर्थ आणि देशी डुकरांच्या संकरातून 'झारसुक' विकसित केली. संकरित पिल्लाची वाढीची क्षमता देशी पिल्लापेक्षा अधिक असते, हे निर्विवाद आहे. परंतु ही क्षमता आहाराच्या आधाराविना कागदावरच राहते.

दूध तोडण्याचा दिवस : एक आर्थिक निर्णय

वराहमादीचा गर्भकाळ सुमारे ११४ दिवसांचा असतो. पिल्ले अंगावर पीत असेतो ती सहसा माजावर येत नाही. दूध तुटल्यावर साधारण आठवडाभरात ती पुन्हा माजावर येते. त्यामुळे पिल्लांचे दूध कितव्या दिवशी तोडायचे, यावर मादीची वर्षाकाठची वेते अवलंबून असतात. हे गणित सोपे आहे. दूध ५६ व्या दिवशी तोडल्यास एका वेताचे चक्र ११४ अधिक ५६ अधिक ७, म्हणजे १७७ दिवसांचे होते आणि वर्षाला सरासरी २.०६ वेते मिळतात. ४२ व्या दिवशी तोडल्यास २.२४ आणि २८ व्या दिवशी तोडल्यास २.४५ वेते मिळतात. प्रत्येक वेताची ८ पिल्ले जगतात असे धरले, तर ५६ ऐवजी २८ व्या दिवशी दूध तोडणाऱ्या पालकाला प्रत्येक मादीमागे वर्षाला सुमारे ३ पिल्ले अधिक मिळतात.

भारतातील पारंपरिक पद्धतीत आठ आठवड्यांपर्यंत पिल्ले आईजवळ राहतात. पाश्चात्त्य देशांतील व्यापारी वराहपालनात तीन ते चार आठवड्यांत दूध तोडण्याचा प्रघात आहे. तेथेही या घाईला मर्यादा घालावी लागली. युरोपीय संघाच्या २००८ च्या निर्देशानुसार सर्वसाधारणपणे २८ दिवसांपूर्वी दूध तोडता येत नाही. स्वच्छ व निर्जंतुक केलेल्या स्वतंत्र निवाऱ्याची सोय असेल, तरच ही मुदत सात दिवसांनी अलीकडे आणण्याची मुभा आहे.

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर लवकर दूध तोडणे म्हणजे खर्चाचे स्थलांतर होय. जे पोषण आई आपल्या शरीरातून पुरवीत होती, ते आता खाद्याच्या पोत्यातून पुरवावे लागते. पोते योग्य असेल तर तीन पिल्लांचा लाभ पदरात पडतो. ते नसेल तर वाढीव पिल्ले मरतूक आणि खुरटेपणा यांच्या खाती जमा होतात.

आतड्याची तयारी

वराहमादीच्या दुधातील कोरड्या अंशात एक तृतीयांशाहून अधिक स्निग्धांश, सुमारे ३० टक्के प्रथिने आणि उरलेल्या भागात मुख्यतः दुग्धशर्करा असते. पिल्लाची पचनसंस्था जन्मतः याच आहारासाठी घडलेली असते. दुग्धशर्करा पचविणारे लॅक्टेज हे विकर जन्मतः भरपूर असते व पुढील आठवड्यांत घटत जाते. याउलट धान्यातील पिष्टमय पदार्थ पचविणारी विकरे आरंभी अत्यल्प असतात व हळूहळू वाढतात. जठरातील आम्लही या वयात पुरेसे तयार होत नाही. दुधाच्या आहारावर असताना जठरातील जीवाणू दुग्धशर्करेपासून लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि ती उणीव भरून काढतात. दूध तुटताच हा आधारही जातो. मग न पचलेले अन्न पुढील आतड्यात पोहोचते, त्यावर ई. कोलाय जातीचे रोगकारक जीवाणू वाढतात आणि हगवण सुरू होते.

आणखी एक बदल सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतो. लहान आतड्याच्या आतील अस्तरावर बोटांसारखे असंख्य बारीक उंचवटे असतात आणि अन्नरसाचे शोषण त्यांच्यामार्फत होते. दूध तुटल्यावरच्या पहिल्या चार-पाच दिवसांत या उंचवट्यांची उंची लक्षणीय घटते. याचे प्रमुख कारण उपासमार हे आहे. आईपासून दुरावलेले, अनोळखी पिल्लांत मिसळलेले आणि प्रथमच कोरड्या खाद्यासमोर आलेले पिल्लू पहिला दिवस, कधी दोन दिवस, जवळजवळ काहीच खात नाही. आतड्याला पोषण आतूनच, म्हणजे अन्नाच्या थेट संपर्कातून मिळत असते. तो संपर्क तुटला की शोषणाचे क्षेत्रच आकसते. म्हणून या काळात 'किती द्यावे' यापेक्षा 'पिल्लू खाते का' हा प्रश्न आधी येतो. जन्मानंतर सात ते दहा दिवसांपासून आईला पोहोचता येणार नाही अशा कोपऱ्यात थोडे थोडे पूरक खाद्य ठेवण्याची शिफारस याच कारणासाठी केली जाते.

काटा काय सांगत नाही

वजन हे वाढीचे सोपे मोजमाप आहे, मात्र ते पुरेसे नाही. नवजात वराहपिल्लाच्या शरीरात मेद अवघा एक ते दोन टक्के असतो. मानवी अर्भकाच्या शरीरात हे प्रमाण सुमारे १६ टक्के असते. म्हणूनच नवजात पिल्लू थंडीने चटकन दगावते. आईच्या स्निग्ध दुधावर तीन-चार आठवड्यांत त्याच्या शरीरातील मेद १५ टक्क्यांच्या घरात जातो. हीच त्याची गंगाजळी होय. दूध तुटल्यानंतरच्या आठवड्यात खाणे कमी पडते, तेव्हा पिल्लू ही गंगाजळी खर्च करते. याच काळात शरीरातील पाण्याचे प्रमाण वाढते. परिणामी आठवड्याच्या शेवटी काट्यावर वजन पूर्वीइतकेच भरले, तरी पिल्लाच्या अंगातील मेद बराच घटलेला असतो. काटा 'नुकसान नाही' असे सांगतो, पण थंडीची पहिली रात्र वेगळेच सांगते. या वयाच्या पिल्लांना २८ अंश सेल्सिअसच्या आसपास उबेची गरज असते. मेघालय व नागालँडच्या डोंगराळ भागातील हिवाळा लक्षात घेतला, म्हणजे कोरड्या गवताचे अंथरूण हाही आहाराचाच भाग का मानावा लागतो, हे स्पष्ट होईल.

पुढील आठवड्यांत काटा उलट दिशेने फसवू शकतो. पिल्लाच्या खाद्यात ऊर्जा भरपूर आणि प्रथिने अपुरी असतील, तर जादा ऊर्जा मेदाच्या रूपाने साठते. प्रथिने पुरेशी व योग्य गुणवत्तेची असतील, तर तीच ऊर्जा स्नायू घडविण्यास उपयोगी पडते. शरीरात एक ग्रॅम प्रथिन साठले की त्यासोबत तीन ते चार ग्रॅम पाणी धरले जाते, म्हणजेच चार ते पाच ग्रॅम मांसल वाढ होते. एक ग्रॅम मेद साठला तर वजन जेमतेम एका ग्रॅमहून थोडे अधिक वाढते. एक ग्रॅम प्रथिन आणि एक ग्रॅम मेद साठविण्याचा ऊर्जाखर्च मात्र जवळपास सारखाच असतो. सारांश, मांसल वाढ ही खाद्याच्या दृष्टीने स्वस्त आणि मेदयुक्त वाढ महाग असते. सारख्याच वजनाच्या दोन पिल्लांपैकी मेदाने भरलेल्या पिल्लाने पालकाचे अधिक खाद्य खर्ची घातलेले असते.

ऊर्जा आणि प्रथिने यांचे हे परस्परावलंबन लहान पिल्लांत विशेष ठळक असते. प्रौढ डुकराला पोटभर खाऊ घातल्यास तो चरबी धरतो. लहान पिल्लाची भूक मात्र त्याच्या स्नायुवाढीच्या क्षमतेच्या मानाने अपुरी पडते. त्यामुळे या वयात ऊर्जा आणि प्रथिने दोन्ही वाढविली तरी मुख्यतः मांसच वाढते. आयुष्यात खाद्याचा प्रत्येक किलो सर्वाधिक फळ देतो, तो काळ हाच होय.

प्रथिनांचे प्रमाण आणि गुणवत्ता

भारतीय मानकांनुसार लहान पिल्लांच्या खाद्यात २० टक्के, वाढत्या वयातील डुकरांच्या खाद्यात १८ टक्के आणि विक्रीपूर्व अवस्थेत १६ टक्के प्रथिने असावीत, असे मानले जाते. परंतु प्रथिनांची टक्केवारी हे अर्धेच सत्य आहे. प्रथिने ॲमिनो आम्लांची बनलेली असतात. धान्यप्रधान आहारात त्यांपैकी लायसिन सर्वांत आधी कमी पडते. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २०१२ मध्ये ७ ते ११ किलो वजनाच्या पिल्लासाठी खाद्यात १.३५ टक्के पचनीय लायसिनची गरज नोंदविली आहे.

आता प्रत्यक्ष खाद्यांकडे वळू. मक्यात लायसिन सुमारे ०.२५ टक्के आणि तांदळाच्या कोंड्यात सुमारे ०.५५ टक्के असते. दोन्ही निम्मे निम्मे मिसळल्यास मिश्रणात ०.४० टक्के लायसिन येते, म्हणजे गरजेच्या एक तृतीयांशाहूनही कमी. ७० टक्के मका व ३० टक्के शेंगदाणा पेंड यांच्या मिश्रणात प्रथिने २० टक्क्यांच्या जवळ जातात, पण लायसिन ०.६० टक्क्यांच्या थोडेच वर राहते. शेंगदाणा पेंडीऐवजी तितकीच सोयाबीन पेंड घातली, तर प्रथिने साधारण तेवढीच राहून लायसिन एक टक्क्याच्या पुढे जाते. ६० टक्के मका, ३० टक्के सोयाबीन पेंड आणि १० टक्के चांगल्या प्रतीची सुक्या मासळीची भुकटी घेतल्यास ते दीड टक्क्याच्या आसपास पोहोचते. यातील सर्वच लायसिन पचत नाही, हे खरे, तरी पिल्लाची गरज येथे बव्हंशी भागते. एकच टक्केवारी दाखविणाऱ्या दोन पोत्यांतून दोन वेगळी शरीरे का घडतात, याचे उत्तर या आकडेमोडीत आहे.

सोयाबीनबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनात अडथळा आणणारे घटक असतात. ते उष्णतेने निष्प्रभ होतात, म्हणून सोयाबीन नीट भाजून किंवा शिजवूनच द्यावे लागते. याशिवाय सोयाबीनमधील काही प्रथिनांमुळे लहान पिल्लाच्या आतड्यात ॲलर्जीसदृश प्रतिक्रिया उद्भवते. यास्तव सोयाबीनचे प्रमाण आरंभी कमी ठेवून टप्प्याटप्प्याने वाढविणे आणि पहिल्या आठवड्यात दुधाची भुकटी, चीज वा पनीरची निवळी किंवा मासळी यांचा काही आधार देणे हितावह ठरते. मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र ही देशातील प्रमुख सोयाबीन उत्पादक राज्ये आहेत. नागालँडमध्ये सोयाबीन आंबवून 'अखुनी' बनविण्याची परंपरा आहे. याचा अर्थ सोयाबीन ईशान्येच्या शिवाराला अनोळखी नाही.

लोहाचा उल्लेखही टाळता येणार नाही. पिल्लू जन्मतः सुमारे ५० मिलिग्रॅम लोह घेऊन येते, त्याची रोजची गरज ७ मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक असते आणि आईच्या दुधातून दिवसाला सुमारे एकच मिलिग्रॅम मिळते. मातीत फिरणाऱ्या पिल्लाला काही लोह मातीतून मिळते, परंतु सिमेंटच्या गोठ्यातील पिल्लाला पहिल्या काही दिवसांतच लोहाचे इंजेक्शन द्यावे लागते.

मानवी पोषणाशी नाते

वराहाची पचनसंस्था मानवाच्या पचनसंस्थेशी मिळतीजुळती असल्याने बालपोषणाच्या अभ्यासातही वराहपिल्लांचा उपयोग झाला आहे. १९६० च्या दशकात केंब्रिज येथे मॅकन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिल्लांना इतक्या अल्प आहारावर ठेवले, की वर्षभरानंतरही त्यांचे वजन ५-६ किलोच राहिले. नंतर त्यांना पोटभर आहार दिल्यावर ती झपाट्याने वाढली, तथापि नेहमीच्या डुकरांचा आकार त्यांना गाठता आला नाही. अल्पकालीन सौम्य तूट पुढे बऱ्याच अंशी भरून निघते, परंतु दीर्घ व तीव्र उपासमारीची भरपाई पूर्णपणे होत नाही, हा त्यातील धडा होय.

वजन आणि शरीराची घडण यांतील फरक महाराष्ट्रातील एका संशोधनानेही अधोरेखित केला. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील सहा गावांमध्ये केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो होते. वजनात एवढी तफावत असूनही पुण्याच्या बालकांच्या अंगावरील मेद त्या मानाने टिकून होता आणि स्नायूंची घट अधिक होती. बालक आणि वराहपिल्लू यांची सरळ तुलना करणे योग्य नव्हे. मात्र केवळ वजनावरून पोषणाचा निवाडा करू नये, हे सूत्र दोन्हीकडे लागू पडते.

औषधांची पळवाट

दूध तुटल्यानंतरच्या हगवणीवर पाश्चात्त्य देशांनी दीर्घकाळ खाद्यात प्रतिजैविके आणि झिंक ऑक्साइड मिसळण्याचा मार्ग अवलंबिला. प्रतिजैविकांना न जुमानणारे जीवाणू वाढू लागल्याने युरोपीय संघाने २००६ पासून वाढीसाठी प्रतिजैविके देण्यावर बंदी घातली. पर्यावरणात जस्त साचत असल्याच्या कारणास्तव झिंक ऑक्साइडचा औषधी मात्रेतील वापरही २०२२ मध्ये थांबविण्यात आला. भारतानेही २०१९ मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांत कोलिस्टिनच्या वापरावर बंदी आणली. औषधांचा आडोसा दूर होताच दूध थोडे उशिरा तोडणे, सहज पचणारे खाद्य, स्वच्छ पाणी व ऊब या जुन्याच गोष्टींचे मोल पुन्हा वाढले आहे.

पहिल्या तेरा किलोंचा प्रश्न

यापुढचा प्रश्न सर्वस्वी अर्थशास्त्राचा आहे. सात किलोचे पिल्लू पंधरा किलोचे होईपर्यंत, चांगल्या खाद्यावर, साधारण १३ किलो खाद्य खाते. तेथून ९० किलोपर्यंत जाण्यास आणखी सुमारे २६० किलो खाद्य लागते. म्हणजे आरंभीचे खाद्य एकूण खाद्याच्या केवळ ५ टक्के भरते. ते नेहमीच्या खाद्याच्या दुप्पट किमतीचे धरले, तरी एकूण खाद्यखर्चातील त्याचा वाटा १० टक्क्यांपलीकडे जात नाही. मग कुटुंबे हा खर्च का टाळतात? कारण हा खर्च अगदी आरंभी, पिल्लू विकत घेताना खिसा रिकामा झालेला असताना करावा लागतो आणि विक्रीचे उत्पन्न कित्येक महिने दूर असते. येथे अडचण रोख रकमेची असते. पालकाच्या समजुतीला दोष देऊन ती सुटत नाही. परिणामी पिल्लाच्या वाट्याला भाताचा कोंडा, अळूची पाने, रताळी, घरगुती मद्यासाठी वापरलेल्या तांदळाचा चोथा आणि खरकटे येते. मोठ्या डुकराला हा आहार चालतो. चार आठवड्यांच्या पिल्लाच्या पोटात त्यातून पाणी आणि तंतू पुष्कळ, लायसिन मात्र अत्यल्प जाते.

खरकट्याला आता रोगाचीही जोड मिळाली आहे. २०२० मध्ये आसाम व अरुणाचल प्रदेशात भारतात प्रथमच आफ्रिकन स्वाइन फीव्हरचा प्रादुर्भाव निश्चित झाला. दूषित मांसाचा अंश असलेले खरकटे हा या रोगाच्या प्रसाराचा एक प्रमुख मार्ग आहे. त्यामुळे खरकटे ढवळत तासभर उकळल्याखेरीज देणे म्हणजे संपूर्ण कळप पणाला लावणे होय.

धोरणाची दिशा

२०१४-१५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुधन अभियानात ईशान्य भारतातील वराहविकासासाठी स्वतंत्र उपअभियान होते. २०२१-२२ पासून पुनर्रचित अभियानात वराहपैदास केंद्रांना ५० टक्के, कमाल ३० लाख रुपयांपर्यंत भांडवली अनुदानाची तरतूद करण्यात आली. पैदास केंद्रांतून उत्तम पिल्ले बाहेर पडणे आवश्यकच आहे. परंतु पिल्लू केंद्रातून झोपडीपर्यंत जाते, त्याच आठवड्यात त्याचा आहार, निवारा व सोबती एकदम बदलतात. ही साखळीतील सर्वांत नाजूक कडी होय.

या दृष्टीने चार उपाय विचारार्ह ठरतात. पहिला, लहान पालकांनी ४२ दिवसांच्या आसपास दूध तोडावे आणि २८ दिवसांची पद्धत योग्य खाद्य, ऊब व स्वच्छता असलेल्या केंद्रांपुरती मर्यादित ठेवावी. ५६ ऐवजी ४२ दिवसांतही प्रत्येक मादीमागे वर्षाला एक पिल्लू अधिक मिळते आणि जोखीम माफक राहते. दुसरा, कोणत्याही योजनेत पिल्लासोबत आरंभीच्या खाद्याचे पोते द्यावे. दोन पिल्लांना मिळून २६ किलो, म्हणजे पन्नास किलोच्या पोत्याच्या जेमतेम अर्धे खाद्य पुरते. तिसरा, महिला बचत गट आणि कृषी विज्ञान केंद्रे यांच्या साहाय्याने भाजलेले सोयाबीन, मका व सुकी मासळी यांपासून स्थानिक पातळीवर असे खाद्य तयार करावे. चौथा, योजनांचे मूल्यमापन वाटलेल्या पिल्लांच्या संख्येवर न थांबता, तीन महिन्यांनंतर किती जगली व किती वाढली यावर व्हावे.

मित्रहो, विकासाच्या अर्थशास्त्रात मालमत्तेचे हस्तांतरण आणि उत्पन्नाची निर्मिती या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या जातात. पिल्लू देणे हे पहिले होय. त्या पिल्लाच्या अंगी मांस भरणे हे दुसरे होय. या दोहोंमधील अंतर दूध तुटल्यानंतरच्या काही आठवड्यांचे आणि तेरा किलो खाद्याचे आहे. ते भरून काढण्यास मोठ्या निधीपेक्षा योग्य वेळ साधण्याची गरज अधिक आहे.